किती जवळ म्हणजे टेकलं

भिंत उघडली. उघडली म्हणजे दार होतं, बिजागरी करकरली, असं काही नाही. मधुकररावांनी लॅपटॉपच्या पडद्याच्या उजव्या कडेची पट्टी नखभर डावीकडे ओढली, आणि तीन दिवस ज्या भिंतीशेजारून ते हिंडत होते ती राखी, गुळगुळीत, शेणामातीनं हात फिरवून सारवल्यासारखी भिंत आधी दाणेदार झाली, मग जाळीदार झाली, आणि मग तिथे भिंत नव्हतीच. आत चौक होता. चौकाला चार ओवऱ्या, ओवऱ्यांना कोनाडे, कोनाड्यांत पुन्हा एवढा एवढासा चौक, आणि सगळ्यावर सायीसारखा पिवळट उजेड. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला, मांडीवरची उशी ऊन झाली. मधुकररावांनी हात मागे घेतला. सकाळचे अकरा वाजले होते, खाली सोसायटीच्या फाटकाशी भंगारवाला वॉचमनशी हुज्जत घालत होता, सीवूड्सच्या त्या सहाव्या मजल्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. छातीत मात्र असं झालं, जसं पाणी प्यायला म्हणून ओळखीच्या घरात हात लांबवावा आणि माठाच्या जागी माठ नसावा.

पान ऋतानं बनवलेलं. ऋता त्यांची एकुलती लेक. एका कंपनीचं वेबसाइटचं काम घरी बसून करायची आणि उरलेल्या वेळात हे असलं. वैजयंतीबाई, ऋताची आई, आठ दिवस सांगलीला बहिणीकडे गेल्या होत्या, त्यामुळे घरात बापलेकच. शुक्रवारी तिनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, बत्तीस वर्षं नकाशे काढलेस तू. तुझ्यासारखा डोळा माझ्याकडे नाही. जरा आत फिरून बघ, कुठे फाटतंय, कुठे उसवतंय ते सांग." काही घ्यायचं नव्हतं, बसवायचं नव्हतं, ब्राउझरमध्ये पान उघडलं की काळ्या पोकळीत तो आकार आपला उभा. त्याचं नाव मँडेलबॉक्स, असं तिनं सांगितलं, आणि तो कुणी कोरलेला नाही, रचलेला नाही, त्यामागे फक्त एक नियम आहे, हेही सांगितलं. जागेची घडी घालायची, ती मोठी करायची, पुन्हा घडी, पुन्हा मोठी. पंधरा वेळा. "म्हणजे लुगड्याच्या निऱ्या," मधुकरराव म्हणाले. "निऱ्यांच्या आत निऱ्या," ती म्हणाली, "आणि त्यातल्या कुठल्याच निरीला शेवटचा पदर नाही."

ते शेवटच्या पदराचं त्यांच्या मनात रुतून बसलं. शुक्रवार, शनिवार, रविवार, सकाळी चहा झाला की ते आत जायचे. बाणाच्या कळांनी पुढे, मागे. बोटानं मान वळवायची. चालत असताना चित्र गढूळ व्हायचं आणि हात थांबवला की वरून खाली निवळत यायचं, विहिरीतला घागरीचा भोवरा शांत होऊन तळातले दगड दिसू लागावेत तसं. बाहेरून ठोकळा. जवळ गेलं की त्या ठोकळ्याला महिरपी, महिरपींना झालरी, झालरीच्या एकेका टोकाला सुपारीएवढा घुमट, आणि त्या घुमटात शिरलं की बाहेरचा अख्खा ठोकळा पुन्हा समोर, पण जरा निराळा, बहिणीसारखा. मधुकररावांनी जागांना नावं ठेवली होती. एक सुपारीची बाग, एक करंजीची मुरड, एक नुसतीच ओल. ऋता ती नावं पत्त्यासकट जपून ठेवायची, कारण त्या पानाच्या पत्त्याच्या ओळीतच आपण नेमके कुठे उभे आहोत ते आकड्यांनी लिहिलेलं असतं. आणि ही भिंत त्यांच्या चांगल्या ओळखीची झाली होती. तिच्या कडेनं त्यांनी तीन दिवस ये-जा केली. आणि ती भिंत नव्हती.

"हे काय झालं ग?"

ऋता स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन आली, त्यांच्या खांद्यावरून वाकली. तिनं त्यांच्यासाठी म्हणून पट्ट्यांची नावं मराठीत लिहिली होती. ते जी ओढत होते तिच्यावर लिहिलेलं होतं : किती जवळ म्हणजे टेकलं.

"अरे वा. ही कुठे सापडली तुला? मी सांगणारच होते."

"मी ओढली आणि भिंत गेली."

"भिंत नव्हतीच, बाबा. हे बघ. पडद्यावरच्या एकेका ठिपक्यातून मी एक किरण आत सोडते. तो आंधळा. समोर काय आहे ते त्याला दिसत नाही. त्याला एकच विचारता येतं, माझ्यापासून सगळ्यात जवळचं जे काही असेल ते किती लांब? कुठल्या बाजूला, ते नाही सांगत कुणी. फक्त किती लांब. उत्तर आलं दोन हात, तर दोन हात बिनघोर पुढे. मग परत विचारायचं. असा विचारत विचारत जातो बिचारा. आणि गंमत काय, तो पोचत नाही. अर्धा हात, वीत, बोट, अर्धं बोट. मग कुठेतरी मीच त्याला म्हणते, बस, टेकलं. ते कधी म्हणायचं, ती ही पट्टी."

"आणि घाई केली म्हणायला?"

"तर सगळं जाडजूड दिसतं. फटी बुजतात. जाळी असेल तिथे भिंत दिसते. काम फास्ट होतं पण."

काम फास्ट होतं, हे मधुकररावांना कुणी शिकवायला नको होतं. ऋतानं कप ठेवला, चौकाकडे बघत राहिली, म्हणाली, "सुंदर आहे रे. ह्याला काय नाव द्यायचं?" त्यांनी मान हलवली. नाव सुचत होतं. तेच नको होतं.

फोन शनिवारी आला होता. नेरूळलगतच्या शिरवणे गावाहून. "काका, मी ज्ञानेश्वरी. शिवरामची घरवाली. वलखलं का?" त्यांना ओळखायला क्षण लागला आणि मग क्षणसुद्धा लागला नाही. शिवराम गेला त्याला चार वर्षं झाली, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच्या घराला नोटीस लागली आहे, हे ठाऊक नव्हतं. रस्त्याच्या बाजूचं बांधकाम गावठाणाच्या रेघेबाहेर, म्हणून पाडणार. मंगळवारी सुनावणी. "हे बोलायचे, तुमी त्यांना एकदा सांगितलेलं, नकाशावरची रेग जाड होती म्हनून आमचं घर त्याच्याखाली गेलं. वकिलानी तेच लिवलंय. तुमी नुसती सही द्या, काका. त्या टायमाचं कोन रायलंच नाय दुसरं. आये हाय आमची अजून. डोले गेले, पन बाकी ठनठनीत. तिला तरी हितंच जाऊ दे." ते म्हणाले, बघतो. बघतो म्हणाले आणि फोन उशीखाली ठेवला, जसं लहानपणी फुटलेल्या पाटीचा तुकडा ठेवायचे. आज सोमवार. उद्या मंगळवार. एक सही केली तर केली, नाही केली तर नाही. पण घर राहणार की जाणार हे त्या सहीपाशी येऊन थांबलं होतं. आणि तेवढंच असतं तर त्यांनी शनिवारीच रिक्षा केली असती.

आये म्हणजे दुर्गाबाई, शिवरामची आई. चौऱ्याऐंशी साली मोजणीच्या पथकाबरोबर ते शिरवण्यात गेले, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे, नुकते देशावरून आलेले, पायजम्याला इस्त्री करणारे. मिठागरं अजून होती, वाऱ्याला खारट धार होती, आणि जे शहर उठायचं होतं ते सगळं एका टेबलावर गुंडाळी करून ठेवलेलं. दुर्गाबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्याही आधी जिचा गळा लागतो ती. टेप धरायचा माणूस आला नव्हता तेव्हा त्यांनी पदर खोचून टेपचं टोक धरलं, आणि धरता धरता गायल्या, सहज, ओटीत काही घ्यावं तशा :

आला गो नकाशेवाला, कागद उंबऱ्यान ठेवला,
माज्या चुलीचा धूर त्यानी रेगंन बांधला.

पोरंसोरं हसली, पथकातला शिपाई हसला, मधुकर लाजला. घर लहानच. एक माजघर, आणि त्याच्या मागे, शेताच्या अंगाला, पुढे आलेली चुलीची खोली. त्या खोलीभोवती वाट वळून जायची. गावाची हद्द म्हणून लोक जी दाखवत होते ती वाटच होती. सगळीकडून सरळ येणारी आणि दुर्गाबाईंच्या चुलीशी आली की खोलीला वळसा घालून, तिचा मान राखून पुन्हा सरळ होणारी. मधुकरनं मोजलं. माजघराच्या दगडी जोत्यापासून वाटेपर्यंत चार मीटर वीस. वहीत लिहिलं, शेजारी खूण काढली, त्या खुणेखाली 'चूल' असं लिहून ठेवलं. लिहिताना आतून भाकरीचा वास येत होता आणि दुर्गाबाई कुणाला तरी ओरडत होत्या, "त्याला पानी दे, भायेर उन्हान रेगा मारून मारून वालला तो." इथवरचं सगळं ते कुणालाही सांगू शकत. सांगतही. वैजयंतीबाईंना पाठ होतं, ऋताला पाठ होतं.

पुढचं ते निराळं सांगायचे. पाच हजाराला एक, असं नकाशाचं मान. पॉइंट सहाचा पेन. म्हणजे कागदावरची अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड रेघ जमिनीवर टेकली की तीन मीटर रुंद. तीन मीटर. "आमची एक रेघ म्हणजे एक खोली हो," असं ते निवृत्तीच्या दिवशी बोलले, आणि अख्खा हॉल हसला; नकाशा विभागातला हा जुना विनोद, सगळ्यांच्या मालकीचा. शिवराम वीस वर्षांपूर्वी कचेरीच्या पायऱ्यांवर भेटला, टोपी हातात घेऊन, "सायेब, आमची चूल भायेर कशी काय?" तेव्हाही त्यांनी हेच दिलं. रेघेची जाडी, शिवराम. कुणाची चूक नाही. शिवरामनं मान डोलावली, कारण कुणाची चूक नाही म्हटल्यावर माणूस भांडणार कुणाशी. त्यानं ते वाक्य घरी नेलं, बायकोला दिलं, तिनं वकिलाला दिलं, आणि आता ते टाइप होऊन, खाली रेघ ओढून, सहीसाठी परत आलं होतं.

ते पुन्हा पडद्याकडे वळले. ऋता आपल्या टेबलाशी जाऊन कानात इअरफोनचं ते बोंडूक घालून बसली होती. मधुकरराव चौकात शिरले. पट्टी अजून थोडी डावीकडे. ओवरीचा खांब होता तो आता खांब राहिला नाही, पिळलेल्या दोरांची जुडी झाला. दोरांचे पीळ सुटले, पिळात पुन्हा पायऱ्या निघाल्या. कोपरे काळे होते. ऋतानं परवा सांगितलं होतं, तो काळोख म्हणजे सावली नाही. ज्या सांदीत पोचायला किरणाला जास्त पावलं पडली, तिथे ती काळं भरते. उघड्यावर पोचायला चार पावलं, सांदीत पोचायला दोनशे. जितकी कुचंबणा, तितका काळोख. मधुकररावांना वाटलं, हे बरोबर आहे, हे इतकं बरोबर आहे की कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. एकेचाळीस वर्षं ते त्या एका जागेपाशी जात होते, वीतभर, बोटभर, अर्धं बोट, आणि दर वेळी टेकण्याआधीच म्हणत होते, बस, टेकलं. तो विनोद म्हणजे तेच होतं. जाडीची भिंत. ते पट्टी ओढत राहिले. अजून. चौक फाटायला लागला. पायऱ्या मोडल्या, तिथे नुसती करकरीत रांगोळी सांडल्यासारखे ठिपके आले, थरथरणारे, हात लावाल तिथे निराळे.

"ऋता, हे फाटतंय."

ती एका कानातलं बोंडूक काढून आली. "संपलं. ह्याच्या पुढे माझे आकडेच पुरत नाहीत. ही आकाराची धूळ नाही, माझ्या आकड्यांची आहे. थोडं मागे ये. आत्ता होतं ना, त्याच्या जरा अलीकडे. तिथे खरं दिसतं." ती त्यांच्या शेजारी टेकली. "काय झालंय? शनिवारपासून तू भाजीत मीठ घालून परत मीठ घालतोयस."

मग त्यांनी सांगितलं. फोन, नोटीस, उद्याची सुनावणी. आणि मग, सवयीनं, जाडीचं. पॉइंट सहाचा पेन, तीन मीटर. ऋतानं ते शंभरदा ऐकलं होतं, पण आत्ता ती पडद्याकडे बघत ऐकत होती, तिचं बोट त्या पट्टीवर होतं, आणि ती कामात असल्यासारखी, काही टोचावं असा हेतू मुळीच नसल्यासारखी म्हणाली, "पण जाडीनं तसं होणार नाही, बाबा. जाडीनं आकार दोन्हीकडून सारखा फुगतो. दीड मीटर इकडे, दीड तिकडे. शेजारच्या घरांचं पण थोडं थोडं जायला हवं होतं. एकट्या दुर्गाबाईंचीच खोली कशी गेली?"

खाली भंगारवाल्याचा आवाज थांबला होता. कुठल्याशा घरात कुकरची शिट्टी झाली. मधुकरराव आपल्या हातांकडे बघत होते. त्या हातांवर आता डाग आले होते, पण बोटं अजून लांब होती, आणि त्या लांब बोटांचा त्यांना किती अभिमान होता. दिवाळीनंतरचा आठवडा. टेबलावर ट्रेसिंग पेपर, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी. पेन्सिलीनं त्यांनी हद्द उतरवली होती, वहीवरून, जशीच्या तशी. नेरूळच्या अंगानं ती येत होती, एखादी नदी मैदानात येते तशी सैलावून, ऐटीत, आणि मध्येच एका ठिकाणी उचकी. तांदळाच्या कणीएवढी. चार मीटर वीस भागिले पाच हजार, मिलिमीटरही नाही. ती खाच त्यांनी बघितली. ती खाच कशाची आहे हे त्यांना ठाऊक होतं, कारण ती त्यांनीच मोजली होती, तिथलं पाणी ते प्याले होते. पण वेगळा विचार आला, आणि तो विचार इतका लहान, इतका देखणा होता. ह्यावर शाई गेली की बघणारा म्हणेल, इथे हात हलला. रावसाहेब दुपारी बघायला येणार होते. रावसाहेब म्हणजे विभागाचे प्रमुख, ते रेघ बघताना चष्मा काढून कागदाला नाक लावायचे. मधुकरनं वक्रपट्टी घेतली, खाचेच्या दोन्ही बाजूंना टेकवली, श्वास रोखला, आणि एका ओढीत पेन नेला. रेघ गेली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मग त्यानं रबरानं पेन्सिलीची खाच पुसली, भुकटी फुंकली. रावसाहेबांनी नाक लावलं, वर बघितलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या तिघांना हाक मारून म्हणाले, "या, बघा. ह्याला रेघ म्हणतात." त्या दिवशी मधुकर घरी चालत गेला, चालत म्हणजे वाऱ्यावर. अशी शाबासकी आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

"जाडी नव्हती," ते म्हणाले. "खाच होती. मी पुसली."

ऋतानं त्यांच्याकडे बघितलं. तिनं काहीच म्हणू नये यासाठी ते मनातल्या मनात हात जोडून बसले होते. ती म्हणाली, "ती वही आहे अजून?"

"असेल. रेकॉर्ड रूममध्ये कुणी मागितलीच नाही तर कोण काढणार? कुठल्या वर्षाची, कुठली, ते मला माहीत आहे. माझं अक्षर आहे तिच्यात."

"मग?"

मग म्हणजे काय ते दोघांना दिसत होतं. जाडीवर सही केली तर सुनावणी घेणारा माणूस ऋताएवढाच हुशार निघायला हरकत नव्हती. आणि खाचेवर सही केली तर अख्ख्या नवी मुंबईत ज्या एका गोष्टीवर त्यांनी आयुष्यभर मान ताठ ठेवली, ती त्यांना तिथे, कारकुनासमोर, वकिलासमोर काढून ठेवावी लागणार होती. त्यांनी पायांत चपला घातल्या. ऋता म्हणाली, "मी येऊ?" ते म्हणाले, "नको. तू असलीस तर मी पुन्हा नीटनेटकं सांगेन."

शिरवण्याच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. ते उतरून चालत गेले, इमारती एकमेकींच्या अंगावर रेललेल्या, खाली मोबाइल रिपेरिंग, वर तीन मजले खोल्या, तारांवर टॉवेल. कधीकाळी इथे वाट होती, तिचा रस्ता झाला, आणि रस्ता मागून आला म्हणून घरांनी तोंडं फिरवली. दुर्गाबाईंच्या घरानंही फिरवलं. जिथे शेत होतं तिकडे आता दर्शनी दार, दारात फरशी बसवलेला हॉल, हॉलमध्ये टीव्ही, आणि टीव्हीसमोर खाटेवर, भिंतीकडे पाय करून, मुठीएवढ्या झालेल्या दुर्गाबाई.

"कोन?" खाटेवरून आवाज आला. आवाज मात्र मुठीएवढा नव्हता.

"नकाशेवाले काका आलेत, आई," ज्ञानेश्वरी म्हणाली. पन्नाशीची, उभट चेहऱ्याची, ओल्या हातांनी पदर सारखा करत आलेली. "बरं झालं आलात. मी बोललेच वकिलाला, काका नाय बोलनार नाय. हे बगा, हितं सही. पेन देऊ?"

कागद छान टाइप केलेला होता. मधुकररावांनी तो वाचला नाही. "तुझ्याकडे टेप आहे का? मोजायची?"

"कशाला?"

"दे तर."

तिनं शिवरामच्या हत्यारांच्या डब्यातून टेप काढून दिली. ते आत गेले. माजघर होतं तसंच अंधारं. फरशीच्या खाली, कोपऱ्यात, दगडी जोत्याची कड अजून दिसत होती, पॉलिश न केलेली, काळी. त्यांनी ज्ञानेश्वरीला टोक धरायला दिलं आणि टेप सोडत स्वयंपाकघरात गेले, ओट्याच्या कडेनं, गॅसच्या खालून, गुडघ्यांवर बसून. चार मीटर वीस. टेप स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीत जाऊन थांबली. नवा हॉल त्या भिंतीपलीकडे.

मग ते तिथेच, फरशीवर बसूनच बोलले. जाडी नव्हती. खाच होती, मी मोजली, मी काढली, मी पुसली. का पुसली तेही बोलले, आणि बोलताना ते कारण इतकं छोटं वाटलं की दोनदा बोलावं लागलं. वही कुठली मागायची ते सांगितलं. "वहीतलं माझं मोजमाप त्यांना मान्य करावं लागेल. स्वयंपाकघर गावठाणाच्या आत आहे. ते कुणी पाडू शकत नाही."

ज्ञानेश्वरीच्या हातात टेपचं टोक तसंच होतं. "आनि हॉल?"

"हॉल खाचेच्या बाहेर आहे."

"म्हंजे हॉल जानार."

"मी सांगितलं तर जाणारच."

"आनि ह्यो कागद? जाडीचा?"

"टिकला तर सगळंच वाचेल. मला वाटतं टिकणार नाही. माझ्या मुलीनं दोन मिनिटांत पाडला. मग चूल पण जाईल."

टीव्हीवर कुणीतरी पदार्थ शिकवत होतं, जरा जास्तच आनंदानं. "हे पायरीव बसायचे," ती म्हणाली, त्यांच्याकडे न बघता. "बोलायचे, कुनाची चूक नाय गो, रेगच जाड व्हती. चांगला मानूस हाय त्यो बोलायचे. हॉल बांदला तवा पन बोलले, तसं बी आपलं भायेरच धरलंय, मंग थोडं अजून भायेर." तिनं टेप सोडली. ती सरसरत मधुकररावांच्या हातात गुंडाळली गेली. "तुमाला मुलगी हाय. घर हाय ना सीवूडला? किती रूमचं?"

"दोन."

"बरं हाय." तिनं टाइप केलेला कागद उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला, उलटा करून ओट्यावर ठेवला, पोळपाट सरकवून जागा केली. "हिकडं कोरं हाय. लिवा. जे हाय ते लिवा."

त्यांनी उभं राहून लिहिलं. ओटा उंच होता, पेन बँकेची जाहिरात असलेला, मध्येच अडायचा. नाव, हुद्दा, साल. वहीचा क्रमांक. खाचेचं माप. आणि मग ते वाक्य, ज्याच्यापाशी येऊन ते थांबले; अर्धं बोट, पाव बोट. ज्ञानेश्वरी पाठीमागे उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. हद्दीची खाच मला माहीत असून मी रेघ चांगली दिसावी म्हणून पुसली. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचून दाखवलं. खाली सही केली.

ज्ञानेश्वरीनं कागद ओलाव्यापासून जपत डब्याखाली ठेवला आणि हॉलमध्ये गेली. तिथून तिचा आवाज आला, "काका, खाटंचे पाय धरा हिकडून." ती टीव्ही भिंतीला सरकवत होती. मग दोघांनी खाट उचलली. दुर्गाबाईंचं वजन जाणवत नव्हतं, खाटेचंच जाणवत होतं.

"कुटं नेता गो मना?"

"आत, आई. चुलीपाशी."

"कला गो, कशाला?"

"आजपासून तितंच झोपायचं."

"बरं," दुर्गाबाई म्हणाल्या. "भायेर गाड्या लय बोंबलतान." खाट दारातून तिरकी करावी लागली, एकदा चौकटीला ठेचली. ओट्यालगत ती जेमतेम बसली. फ्रिजचं दार आता अर्धंच उघडणार होतं. म्हातारीनं हात लांबवून भिंत चाचपली, तळवा तिच्यावर ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

मधुकरराव घामेजले होते. ज्ञानेश्वरीनं हात धुतले, पुसले, त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. "हे उद्या तितं तोंडानी बोलाल? सगल्यांसमोर?"

"बोलेन."

"अकरा वाजता हाय."

"हो."

"मंग आज च्या नाय ठेवत मी," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. भाजी संपली सांगावी तसा होता. "उद्या बोलून या. मंग ठेवन."

ते हो म्हणाले आणि बाहेर पडले. हॉल रिकामा होता. खाटेच्या चार पायांच्या जागी फरशीवर चार पांढुरके डाग होते, ते चुकवत ते दारापर्यंत गेले.